अक्षराच्या पोटातला आवाज

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका प्राथमिक शाळेतल्या बाईंनी विचारलं आहे. तिसरीतला एक मुलगा आहे, बोलायला चुणचुणीत, तोंडी हिशेबात चोख. घरी तेलुगू बोलतात. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. बाराखडी न अडखळता म्हणतो, अक्षरकार्डं बहुतेक ओळखतो. पण ‘मगर’ हा शब्द समोर आला की ‘मक्याचा म, गणपतीचा ग, रथाचा र’ असं म्हणतो आणि शेवटी उत्तर देतो, ‘मका’. श्रुतलेखनात ‘पुस्तक’चं ‘पुसक’, ‘भाकरी’चं ‘बाकरी’, ‘अंगण’चं ‘अगन’ आणि ‘किती’चं ‘कीती’ झालं. प्रशिक्षणात आवाजांचे खेळ घ्या म्हणून सांगितलं, म्हणून दोन महिने रोज टाळ्या वाजवून शब्द फोडले. वाचनात फरक दिसला नाही. या खेळांचा खरंच उपयोग होतो का, की अडचण तेलुगूची आहे, असा त्यांचा प्रश्न आहे.

बाई, खेळांचा उपयोग होतो. तेलुगूमुळे त्याचं वाचन अडलेलं नाही. आणि तुमचे दोन महिने वाया गेलेले नाहीत, पण टाळ्यांपाशी थांबलात तर पुढचे दोन महिने मात्र जातील. सोलापुरात अशा मुलांबरोबर 22 वर्षं काम करताना मला सगळ्यात जास्त वेळा हेच दिसलं आहे. मूल अक्षर ओळखतं, बाराखडी म्हणतं, टाळ्याही बरोबर वाजवतं, पण अक्षराच्या पोटात काय आहे हे त्याला कुणी उघडून दाखवलेलं नसतं.

आधी थोडं खोलात जाते, कारण ‘ध्वनिजाणीव’ हा शब्द हल्ली प्रत्येक प्रशिक्षणात येतो आणि त्याचा अर्थ टाळ्यांपाशीच संपतो.

तुम्ही ‘घर’ म्हणालात की मुलाच्या डोळ्यांपुढे घर येतं. त्या शब्दात घ्, अ, र् असे तीन आवाज एकापाठोपाठ आहेत, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं, आणि बोलण्यासाठी त्याची गरजही नसते. वाचताना मात्र नेमकी तीच गरज पडते. शब्दाचा अर्थ क्षणभर बाजूला ठेवून त्याचा नुसता आवाज ऐकायचा, तो तोडायचा, त्यातला एक काढून दुसरा ठेवायचा, ही ती जाणीव. ती ऐकण्याच्या शक्तीपेक्षा वेगळी आहे आणि हुशारीपेक्षाही वेगळी आहे. तुमचा मुलगा तोंडी हिशेबात चोख असूनही इथे अडतो, त्यात काही विसंगती नाही.

ही जाणीव वयाबरोबर आपोआप येत नाही. 1974 मध्ये अमेरिकेत इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना शब्दाचे तुकडे काठीने ठोकून मोजायला सांगितले. चार वर्षांच्या मुलांपैकी 46 टक्क्यांना शब्दाचे मोठे तुकडे, म्हणजे आपण ज्यांच्यावर टाळ्या वाजवतो ते ठोके, मोजता आले. सुटे ध्वनी मात्र एकालाही मोजता आले नाहीत. पहिलीच्या अखेरीस ठोके 90 टक्के मुलांना आणि ध्वनी 70 टक्के मुलांना मोजता येत होते. 1979 मध्ये पोर्तुगालमध्ये जोझे मोराइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कधीच शाळेत न गेलेल्या प्रौढांना शब्दाच्या सुरुवातीचा एक आवाज काढायला किंवा जोडायला सांगितलं. बहुतेकांना ते जमलं नाही. त्याच भागातले, पण मोठेपणी वाचायला शिकलेले लोक ते करू शकले. म्हणजे ठोके कळणं हे बोलण्याबरोबर येतं, ध्वनी कळणं हे बरंचसं वाचण्याबरोबर येतं. टाळ्या वाजवून तुम्ही मुलाला जे शिकवलं, ते त्याला बहुधा आधीपासून येतच होतं.

आता आपल्या लिपीकडे या, कारण इंग्रजीसाठी तयार झालेला खेळांचा क्रम जसाच्या तसा मराठीत आणला की घोटाळा होतो.

आपलं लिहिण्याचं एकक अक्षर आहे. ‘का’ हे एक अक्षर, त्यात दोन ध्वनी : क् आणि आ. ‘स्त्री’ हे एक अक्षर, त्यात चार. मुलाला सुरुवातीला अक्षर अख्खंच दिसतं, अख्खंच ऐकू येतं, आणि बराच काळ त्यावर भागतंही. कन्नड शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेला अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की अशा लिपीतली सगळी अक्षरं शिकायला इंग्रजीतल्या मुळाक्षरांपेक्षा कितीतरी जास्त काळ लागतो आणि सुटे ध्वनी कळायची जाणीवही सावकाश येते. मराठीची आणि कन्नडची लिपी दिसायला वेगळी असली तरी बांधणी एकाच जातीची आहे. म्हणून तिसरीतल्या मुलाला सुटे ध्वनी कळत नाहीत, एवढ्यावरून कुठलंही लेबल लावू नका. पण ते शिकवायचं टाळूही नका, कारण काना, वेलांटी, उकार, जोडाक्षर हा सगळा पसारा त्या जाणिवेवरच उभा आहे.

टाळ्यांबाबत एक सावधगिरी सांगते. सुरुवातीच्या काळात मी एका मुलीला ‘बदक’ शब्दावर टाळ्या वाजवायला सांगितल्या. तिने दोन वाजवल्या. मी चूक धरली, कारण माझ्या डोक्यात ब, द, क अशी तीन अक्षरं होती. घरी गेल्यावर तोंडाने म्हणून पाहिलं : ब-दक. दोनच ठोके. तिचा कान बरोबर होता. ‘करवत’ लिहायला चार अक्षरं, बोलायला कर-वत. ‘भाकरी’ लिहायला तीन, बोलायला भाक-री. आपण शिकलेली माणसं अक्षरं मोजतो, मूल आवाज मोजतं, आणि आपण त्याला चूक ठरवतो. ती मुलगी पुढचे कित्येक दिवस माझ्या तोंडाकडे बघून टाळ्या वाजवायची. ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं. मुलाने दिलेला आकडा तुमच्या आकड्याशी जुळला नाही, तर आधी शब्द मोठ्याने म्हणून बघा.

आता त्याचं श्रुतलेखन. या चार चुका एका माळेत ओवू नका, चारही वेगळ्या आहेत.

‘कीती’ बाजूलाच ठेवा. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी आपल्या बोलण्यात ठाशीवपणे वेगळी ऐकू येत नाही, ती आपण बऱ्याच अंशी नियमाने लिहितो. त्याने ‘इ’चा आवाज पकडला, वेलांटी दिली, काम झालं. श-ष, रु-ऋ यांचंही तेच. कानाला जे वेगळं ऐकूच येत नाही, ते कानाच्या परीक्षेत विचारायचं नाही.

‘बाकरी’ घराच्या भाषेतून आली आहे. रोजच्या तेलुगू आणि कन्नड बोलण्यात भ, ध, घ या महाप्राण, म्हणजे जास्तीचा श्वास लागणाऱ्या, आवाजांचा जोर कमी असतो. तो घरी जसा बोलतो तसं त्याने लिहिलं. दखनी बोलणाऱ्या घरातलं मूल ‘पाणी’चं ‘पानी’ आणि ‘बाळ’चं ‘बाल’ करतं, कारण त्याच्या भाषेत ण आणि ळ नाहीत. आणि आपल्याच खेड्यांतली कितीतरी मराठी मुलं ‘कुनी’, ‘पानी’ म्हणतात, तीही तसंच लिहितात. हा दोष धरून कान उपटायचा नसतो. हा फरक आहे, आणि तो फरक ऐकायला शिकवता येतो. तो बोलताना ‘बाकरी’ म्हणाला तरी चालेल. शाळेच्या मराठीत तिथे एक जास्तीचा श्वास असतो, एवढं त्याच्या लक्षात आलं पाहिजे.

‘अगन’मध्ये दोन गोष्टी आहेत. ण-न बद्दल वर बोललेच. तेलुगूत ण आहे, तेव्हा हा न वर्गातल्या किंवा गल्लीतल्या मराठीतून आला असावा. मोठी गोष्ट आहे सुटलेला अनुस्वार. मुलाला वाटतं तो शोभेचा ठिपका आहे. खरं तर ते एक अख्खं व्यंजन आहे आणि पुढच्या अक्षराप्रमाणे तोंडातली जागा बदलतं. ‘आंबा’ म्हणा, ओठ मिटतात. ‘संत’ म्हणा, जीभ दातांना टेकते. ‘अंगण’ म्हणा, जीभ मागे घशाशी जाते. मुलाला आरशासमोर ‘आंबा’ म्हणायला लावा आणि अध्येच थांबवा. ओठ मिटलेले दिसले की विचारा, आत्ता कोणता आवाज चालू आहे? ‘म’ असं तो स्वतः म्हणतो. मग त्या आवाजासाठी आपण ठिपका देतो, एवढंच सांगायचं. मी हे सांगितल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं. त्यांना इतके दिवस कुणी ठिपक्याचं कारणच दिलेलं नसतं.

‘पुसक’ ही चूक खरी आवाजाची आहे, आणि तिच्यात आपल्या लिपीचा एक पेच दडलेला आहे. तोंड म्हणतं पुस्-तक. स् पहिल्या ठोक्याच्या शेवटी, त दुसऱ्याच्या सुरुवातीला. कागदावर मात्र दोघं एकत्र बांधलेले : पु-स्त-क. तोंड जिथे तोडतं, लेखणी तिथे जोडते. मुलाची त्यात फसगत होते आणि एक आवाज गळतो. अशा वेळी आधी तोंडाप्रमाणे लिहू द्या : ‘पुस्’ आणि ‘तक’, पहिल्या स ला पाय मोडका. मग दोन्ही तुकडे जवळ आणून स् आणि त चं जोडाक्षर करून दाखवा. रफाराचंही हेच. ‘सूर्य’मधला र तोंडात य च्या आधी येतो, कागदावर य च्या डोक्यावर बसतो. हे शब्द पाठ करून घेण्यापेक्षा एकदा असे उलगडून दाखवले की पुढचे दहा शब्द मूल स्वतः सोडवतं.

आणि ‘मगर’चा ‘मका’? तो चुकला असं मी म्हणणारच नाही. आपणच त्याला म म्हणजे मका असं शिकवलं. त्याच्या लेखी त्या आकाराचं नाव ‘मक्याचा म’ आहे. मका, गणपती, रथ ही तीन चित्रं जोडून मगर होईल तरी कशी? कार्डावरची चित्रं आता उलटी करून ठेवा. अक्षर दाखवलं की नुसता आवाज, चित्राचं नाव नाही.

तर सुरुवात कुठून करायची. मी शेवटच्या आवाजापासून करते. इंग्रजी पद्धतीत पहिल्या आवाजापासून करतात, पण मराठीत आपल्याला एक सोय आहे. पहिलं व्यंजन नेहमी स्वराला चिकटून येतं. ‘क’ म्हणा म्हटलं की ‘अ’ मागे येतोच. शब्दाच्या शेवटी मात्र आपण तो ‘अ’ बोलत नाही. नाक, घर, हात, पाय यांतला शेवटचा आवाज स्वच्छ, सुटा ऐकू येतो. म्हणून नाक, नाग, नाव, नाद असे शब्द घ्या. ‘नाक’ आणि ‘नाग’, काय बदललं? शेवटचं. ‘नाक’मधला शेवटचा आवाज लांबवता येत नाही, पण तोंड त्या जागी थांबवता येतं. तिथे थांबलेलं तोंड म्हणजे पाय मोडका क. मुलाला पहिल्यांदा जाणवलेलं शुद्ध व्यंजन हे असतं. आठवडाभर एवढंच करा.

मग मधला स्वर. यासाठी माझा सगळ्यात आवडता संच आहे मीठ, मूठ, माठ, मठ. चारही शब्द मुलाला माहीत असतात, माठ तर सोलापूरच्या उन्हाळ्यात घरोघरी असतो. पाटीवर तीन चौकोन आखा आणि त्यात तीन चिंचोके ठेवा, एकेका आवाजाला एक. ही चौकोनांची युक्ती रशियन मानसशास्त्रज्ञ दानिल एल्कोनिन यांची, चिंचोके आपले. म् म्हणताना पहिला सरकवायचा, ई म्हणताना दुसरा, ठ् म्हणताना तिसरा. ‘मीठ’चं ‘मूठ’ करायचं असेल तर कोणता चिंचोका बदलायचा? मधला. तिथे काळ्याऐवजी दुसऱ्या रंगाचा खडा ठेवतो. आता ‘माठ’ कर. ‘मठ’ आला की मुलं घुटमळतात, कारण मधला ‘अ’ कागदावर दिसतच नाही. तिथे घाई करू नका. अदृश्य ‘अ’ हा आपल्या लिपीतला सगळ्यात अवघड आवाज आहे, तो चिंचोक्याने दिसतो. तूप, ताप, तप हाही चांगला संच आहे. बोट, बेट, बूट हासुद्धा.

हे जमायला लागलं, अगदी अर्धवट जमलं तरी, त्याच दिवशी अक्षर आणा. महिनाभर नुसते तोंडी खेळ आणि मग अक्षर असं करू नका. ऑक्सफर्डमध्ये ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी 65 मुलांवर दोन वर्षं प्रयोग केला, तो 1983 मध्ये छापून आला. नुसते आवाजांचे गट करायला शिकलेल्या मुलांपेक्षा, आवाजाबरोबर प्लॅस्टिकची अक्षरं हाताळलेली मुलं वाचनात आणि लेखनात पुढे गेली. तुमच्या दोन महिन्यांत नेमकं हेच राहिलं. टाळ्या एकीकडे, पुस्तक दुसरीकडे, मध्ये पूल नाही.

आणि तो पूल आपल्याकडे शतकानुशतकं तयार पडून आहे : बाराखडी. तुमचा मुलगा ती म्हणतो, पण पाढ्यासारखी म्हणतो. ‘की’ कुठे आहे विचारलं तर तो मनात पहिल्यापासून म्हणत यायला लागतो, बघा. तिला उघडा. पाय मोडका क एका चिठ्ठीवर, आ, ई, ऊ, ए, ओ वेगळ्या चिठ्ठ्यांवर. क् आणि आ दूर ठेवून म्हणा, जवळ सरकवत म्हणा, चिकटले की ‘का’. मग ‘आ’ची चिठ्ठी काढून तिथे काना लावा आणि सांगा, शब्दात येताना आ असा वेष घेतो. हेच ई चं, ऊ चं. एका व्यंजनावर पक्कं झालं की बाराखडी म्हणू नका, उभी वाचा : का, ना, मा, पा, ता. मग आडवीतिडवी : का, नी, मू, पे. पाठांतर इथे तुटतं आणि मूल खरोखर जोडायला लागतं. पहिल्या वेलांटीला एक इशारा द्या : ती व्यंजनाच्या आधी लिहिलेली दिसते, पण आवाज नंतर येतो. ‘क्’ म्हणताना बोट क वर, ‘इ’ म्हणताना बोट मागे वेलांटीवर. डोळे एकीकडे आणि कान दुसरीकडे जातात म्हणून पुष्कळ मुलं अडखळतात, आणि आपण त्याला दुर्लक्ष म्हणतो.

आपली वर्णमालासुद्धा अशीच दुर्लक्षित आहे. क-वर्ग घशाकडचा, ट-वर्ग जीभ वळवून, त-वर्ग दातांशी, प-वर्ग ओठांचा. हा तक्ता भिंतीवर असतो आणि मूल त्याला नुसती ओळ समजतं. आरसा हातात द्या, त आणि ट म्हणताना जीभ कुठे जाते ते बघू द्या. त-वर्गाच्या आवाजांत जीभ दिसते, ट-वर्गाच्या आवाजांत आत वळते. महाप्राणासाठी तळहात तोंडासमोर धरा : दार-धार, जाड-झाड, गोडा-घोडा, बाजी-भाजी. ऊन हवा कोणत्या शब्दाला लागली? ‘बाकरी’वाल्या तुमच्या मुलासाठी हे रोज दोन मिनिटं. फरक तळहाताला कळला की कान मागोमाग येतो.

च आणि ज बद्दल एक गोष्ट, कारण मूल विचारेल. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळा आहे, आणि ‘चिंच’ या एका शब्दात दोन्ही आहेत. लिपीत खूण एकच. मूल ‘हा च वेगळा वाटतो’ म्हणालं तर त्याला शाबासकी द्या, त्याचा कान तयार झाला आहे. स्वतःहून मात्र हा विषय आत्ता काढू नका.

आता तेलुगूबद्दल. ज्या मुलाला घरची भाषा घट्ट येते, त्याच्याकडे आवाजांचा साठा तयार असतो. तो साठा वापरा. पालु म्हणजे दूध, पामु म्हणजे साप, पिल्लि म्हणजे मांजर : तिन्हींचा पहिला आवाज कोणता? हा खेळ तेलुगूत घेतला तर त्याला मराठी शब्दांच्या अर्थाशी झगडावं लागत नाही, सगळं लक्ष आवाजावर राहतं. एकदा तिथे कळलं की मराठीत आणणं सोपं. आणि सोलापूरच्या वर्गात तर कन्नड मुलंही बसलेली असतात. तेलुगूत पालु, कन्नडमध्ये हालु, दोन्ही दूध. तेलुगूत पुलि, कन्नडमध्ये हुलि, दोन्ही वाघ. दोन मुलांना शेजारी उभं करून आपापल्या घरचा शब्द म्हणायला लावा आणि वर्गाला विचारा, काय बदललं? प च्या जागी ह. पहिला आवाज बदलण्याचा याहून चांगला धडा मला कुठल्याही छापील साहित्यात मिळालेला नाही, आणि एरवी वर्गात घरची भाषा दडवणारं मूल त्या दिवशी सगळ्यांना काहीतरी शिकवतं.

किती वेळ? रोज 15 मिनिटं, तीन-चार मुलांच्या गटात, आठवड्यातून पाच दिवस, बारा आठवडे. म्हणजे एकूण 15 तास. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलने 2000 साली तोवरचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा 5 ते 18 तासांचे उपक्रम सगळ्यात परिणामकारक दिसले, त्यातही लहान गटातले आणि अक्षरांसह घेतलेले. त्यापेक्षा लांबवून फायदा वाढत नाही. 15 मिनिटांतली पहिली पाच तोंडी आणि चिंचोके, पुढची पाच अक्षरचिठ्ठ्या, शेवटची पाच नुकत्याच फोडलेल्या आवाजांचे शब्द वाचणं आणि लिहिणं. लिहिणं वगळू नका. मूल स्वतः आवाज ऐकून लिहितं तेव्हा ही जाणीव सगळ्यात खोल रुजते. आणि एक विनंती : या काळात गोष्टी वाचून दाखवणं बंद करू नका. आवाज कळले म्हणून अर्थ कळत नाही. मराठी शब्दांचा साठा गोष्टींतूनच वाढणार आहे, आणि या मुलाला त्याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे.

हे सगळं सुरू करण्याआधी मात्र त्याचे कान तपासून घ्या. सर्दी सतत असते का, कान फुटून वाहतो का, मागून हाक मारली तर वळतो का, हे आईला विचारा. सिव्हिलमध्ये कान-नाक-घसा विभागात दाखवायला सांगा. वडिलांचा माग घरातच असेल तर अभ्यासाची जागा आणि वेळ मागाच्या खडखडाटापासून दूर शोधावी लागेल. त्या आवाजात भ आणि ब चा फरक मोठ्या माणसालाही ऐकू येत नाही. डोळेही तपासा.

बारा आठवडे मनापासून करूनही साधे दोन-तीन अक्षरी शब्द जुळत नसतील, तर थांबू नका, मूल्यमापनाला पाठवा. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तिसरी किंवा वयाची आठ वर्षं हाच छाननीचा टप्पा धरला होता, म्हणजे तुमचा मुलगा आत्ता योग्य वेळेला आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीत आणि कन्नडमध्येही आहे. मराठी मुलाला इंग्रजी चाचणीवर तोलण्याचा काळ गेला. घरची भाषा तेलुगू आहे हे तपासणाऱ्याला आधीच सांगा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचणं, लिहिणं किंवा हिशेब यांतल्या टिकून राहणाऱ्या अडचणीचा, समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळालं तर पुढे बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. पालक ‘दिव्यांग’ या शब्दाला घाबरतात. त्यांना आधी त्याची वही दाखवा, काय जमतंय ते सांगा, मग कागदाचं बोला.

आईला ‘घरी अभ्यास घ्या’ असं सांगू नका. हजार विड्यांचा हिशेब डोक्यावर असलेल्या बाईला तो शब्द ओझं वाटतो, आणि स्वतःला वाचता येत नसेल तर लाजही वाटते. या खेळांना कागद लागत नाही, हात मोकळे लागत नाहीत. ती विड्या वळताना तेलुगूत एक शब्द म्हणेल, त्याने त्याच आवाजाने सुरू होणारा दुसरा सांगायचा. मग त्याने म्हणायचा, तिने सांगायचा. तिला शाळेत बोलवा आणि पाच मिनिटं तिच्याशीच खेळून दाखवा. पहिल्या दिवसाच्या श्रुतलेखनाचा कागद जपून ठेवा, त्यावर तारीख घाला. सहा आठवड्यांनी तेच शब्द पुन्हा द्या, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून आधी त्यालाच विचारा, काय बदललं?